नऊ नंबरचं घर

त्या वर्षीचा पहिलाच सामना आमच्या झरीभाटीने सहा-शून्य असा गमावला आणि मैदानाच्या कडेला उभी राहून मी देवाचे आभार मानले. गावात हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर या वयातही चार बायका अंगावर धावून येतील.

आभार मानले, कारण माझा भाऊ कायतान त्या दिवशी मैदानात नव्हता. तो माडाला टेकून उभा होता आणि आमच्या संघाच्या प्रशिक्षकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पोटभर शिव्या घालत होता. कायतानचा आवाज पहिल्यापासूनच मोठा. त्या गर्दीतही तो वेगळा ऐकू येत होता, आणि जोवर ऐकू येत होता तोवर माझा जीव जागेवर होता.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

आमच्या गावात फुटबॉल आला तो रापणीतून. रापणीचं जाळं, किनाऱ्यावर उभं राहून दोराने ओढायचं, अकरा घरांचं. कुठल्या घराने दोर कुठे धरायचा ते ठरलेलं आणि मासळीतला वाटाही ठरलेला. क्लब काढला तोही याच अकरा घरांनी, मग शर्टावरचे नंबरही त्यांनी तसेच वाटून घेतले. नऊ नंबर तांडेलाच्या, म्हणजे रापणीच्या प्रमुखाच्या घराचा. ते घर आमचं. बाप थकला की शर्ट मुलाला जायचा. मुलगा बोटीवर नोकरीला गेला की त्याच्या भावाला, आणि भाऊ नसला तर जावयाला. तीन नंबरच्या घराने एकदा दिवाडीहून आणलेला घरजावई मैदानात उतरवला होता. बॉल जवळ आला की तो डोळे मिटून घ्यायचा. चार वर्षं खेळला. कुणी चकार शब्द काढला नाही, कारण घराचा वाटा तो घराचा वाटा.

माझा नवरा इनास कुडतरीचा. वास्कोच्या एका मोठ्या क्लबातून खेळायचा, मग गुडघा गेला आणि तो आमच्या पाद्रींच्या शाळेत खेळाचा मास्तर होऊन आला. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझे पापा, सेव्हरीन तांडेल, म्हणाले होते, "लंगडा आहे, पण शहाणा आहे." पुढे यातलं फक्त पहिलं त्यांच्या लक्षात राहिलं.

त्या वर्षी मे महिन्यात, एका रविवारी, कायतान आमच्या परसात फणस फोडत होता. हाताला तेल लावलेलं, तोंडाने इनासची टर उडवणं चालूच. बोलता बोलता थांबला. मी वळून बघते तर कोयता हातातच आणि माणूस जमिनीवर. ओठ जांभळे पडले होते. इनासने तोंडावर पाणी मारलं, आम्ही दोघांनी मिळून त्याला रिक्षात कोंबलं आणि मडगावला नेलं.

डॉक्टर म्हातारा होता, सरळ बोलणारा. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" त्याने विचारलं. आला होता. मला आठवत होतं, माय त्याला पाठुंगळी घेऊन खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, मेणबत्ती लावायला जायची. डॉक्टर म्हणाला, "हृदयाची झडप अरुंद झालीय. चाला, जेवा, गाणी म्हणा. पण पळू नका. पळालात तर एक दिवस पळता पळताच पडाल. मग मला दाखवायला आणू नका, पाद्रीला दाखवा."

बाहेर आल्यावर कायतान हसला. "मुंबईच्या डॉक्टरनेपण हेच सांगितलं होतं," तो म्हणाला. आदल्या वर्षी तो बोटीवरच्या नोकरीसाठी मुंबईला गेला होता आणि महिन्याभरात परत आला होता. गावात त्याने सांगितलं होतं, बोटीवर बशा धुवायला लावत होते, मी तांडेलाचा मुलगा, मी नाही धुणार. सगळ्यांनी पाठ थोपटली होती. खरं म्हणजे तपासणीतच त्याला नापास केला होता.

घरी न जाता त्याने आम्हाला किनाऱ्यावरच्या खुरसापाशी नेलं. "शपथ घ्या," म्हणाला. "पापांना नाही, लुर्दीनला नाही, कुणालाच नाही." लुर्दीन त्याची बायको.

"अरे, बायकोला तरी सांग," मी म्हणाले.

"लुर्दीनला सांगणं आणि चॅपेलची घंटा वाजवणं एकच."

त्याला भीती कशाची, ते मला माहीत होतं. पापा थकले होते. पुढच्या वर्षीच्या सांव पेद्रूच्या फेस्ताला, रापणकारांच्या सणाला, ते रापणीचा पुढचा दोर कायतानच्या हातात देणार, हे गावाला ठाऊक होतं. पण आमच्याकडे म्हणतात, छातीत दम नाही त्याच्या हातात दोर नाही. हे कळलं असतं तर दोर आणि त्याच्यामागोमाग नऊ नंबर मिंगेल तीवच्या घरी गेला असता. मिंगेल तीव म्हणजे पापांचा चुलतभाऊ. पंचवीस वर्षं तो या एकाच गोष्टीची वाट बघत बसला होता.

इनासने खुरसाला हात लावून शपथ घेतली. माझी पाळी आली तेव्हा कायतानने माझा हात खुरसावरून उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "तू माझ्या जिवावर घे. खुरसाला तू फसवशील, मला माहीत आहे. मला नाही फसवायचीस." मी घेतली. दुसरं काय करणार होते?

"पण खेळायचं नाही," इनास म्हणाला.

"नाही खेळलो तर विचारतील ना, का म्हणून."

"मी काढतो तुला."

"एकट्या मला? पापा तुला वाशाला उलटा टांगतील. आणि मग विचारतील, का म्हणून."

इनास बराच वेळ वाळूत काठीने रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "एकट्याला नाही. तिशीच्या वरच्या सगळ्यांनाच काढतो. सांगतो, संघ म्हातारा झालाय, नवा बांधायचा आहे."

कायतान खो खो हसला. "हरशील रे, कुन्याद, हरशील मेहुण्या. पोरांना घेऊन आडवा होशील."

"होईन," इनास म्हणाला.

एवढंच. आज क्लबच्या भिंतीवर इनासचा फोटो आहे आणि खाली 'नव्या संघाचा शिल्पकार' असं लिहिलंय. ते शिल्प असं वाळूत काठीने घडलं.

क्लबच्या सभेत इनासने हे सांगितलं तेव्हा आधी कुणाला ते खरंच वाटेना. "नवा बांधायचा म्हणजे?" एकाने विचारलं. "संघ काय गोठा आहे का?"

"चार-पाच वर्षं लागतील," इनास म्हणाला.

"चार-पाच वर्षं हरायचं? मास्तर, हरायला आम्हाला तुमची गरज नाही. आमचं आम्हाला जमतं."

सगळे हसले. पापा हसले नाहीत. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. हसणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "नऊ नंबर कोण घालणार?"

"बोस्त्यांव."

बोस्त्यांव पदेराचा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा. पहाटे सायकलवरून गावभर पाव घालायचा. त्याच्या मांड्या बैलासारख्या झाल्या होत्या. पण पदेराचं घर रापणीतलं नव्हतं. त्यांना आमच्या जाळ्यातला बांगडासुद्धा विकत घ्यावा लागायचा.

पापा उठले. "माझ्या घरात माणूस जिवंत असताना नऊ नंबर पदेराकडे? जिवंत माणसाच्या अंगावरून शर्ट फक्त मरण काढतं, इनास. तू काढलास. आता मरण येईल आणि आपला वाटा मागेल. कुणाच्या घरी ते बघायचं."

मी दारात उभी होते. कायतान पापांच्या मागेच उभा होता आणि मान डोलावत होता. काय नाटकी होता तो!

पाद्रींनी इनासची बाजू घेतली, आणि फुकटात शिकवणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून ते तसं ठरलं. मग आम्ही हरायला लागलो. सहा गोल, चार गोल, पुन्हा पाच. पोरं रडवेली होऊन बाहेर यायची. इनास त्यांना रेतीत बसवून काहीबाही समजावायचा, आणि कुंपणापलीकडून म्हातारे ओरडायचे, "दूध आणा रे, दूध! बाळांना भूक लागली!"

समुद्रानेही तेच वर्ष धरलं. ट्रॉलर आमच्या किनाऱ्याजवळ येऊन घासून नेत होते, रापण ओढली की तिच्यात शेवाळ आणि जेली. ट्रॉलरवाल्यांना कुणी काही करू शकत नव्हतं. इनास मात्र हाताशी होता. तावेर्नात, दारूच्या गुत्त्यावर, एक म्हणाला, "समुद्रात जाळं रिकामं, मैदानात आपलं जाळं भरलेलं. मास्तरने दोन्हींची अदलाबदल केली." हा विनोद गावभर फिरला, आणि फिरता फिरता त्यातला विनोद गळून गेला. लोक तसं मानूच लागले. नंबर घरातून काढले म्हणून मासळी गेली. म्हाताऱ्या बायका मला बघून जपमाळ जोरात ओढू लागल्या.

पाचव्या की सहाव्या पराभवानंतर माझ्या सोप्यावर मासळीचा वाटा आला नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या घरी बापाच्या वाट्यातलं वाटीभर तरी येतंच, मासळी थोडी असली तरी येतं. मी विचारायला गेले. पापा जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नंबर वाटणारा मासळीही वाटेल. नाहीतर पदेराकडे जा. पाव देईल."

मी तशीच माघारी वळले. माझी माय असती तर तिने त्यांच्या हातातली सुई काढून घेतली असती.

बाजारात लुर्दीन भेटली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय गो रेझिन, तुझ्या घोवाने माझ्या घोवाला म्हातारा ठरवला म्हणे. मला तर अजून पत्ता नाही लागला!"

बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले असते. पण ती जवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "चेष्टा सोड. त्याला जेवण जात नाही. रात्री आडवा होत नाही. दोन-दोन उशा पाठीला लावून बसल्या बसल्या झोपतो. अपमान लागलाय त्याला. तुझ्या घोवाला सांग, माणूस मारतोयस तू." बोलताना तिचे डोळे भरले होते.

डॉक्टरने मला निघताना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आडवं झोपता येईना झालं की समजायचं, पाणी डोक्यापर्यंत आलंय. लुर्दीनच्या टोपलीत मी आपली भाजी ठेवून आले, इतकं माझं भान गेलं होतं.

घरी येऊन इनासला सांगितलं. तो म्हणाला, "मी बोलतो त्याच्याशी." बोलला. कायतानने त्याला उडवून लावलं.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी पोरांनी जुन्या वर्षाचा म्हातारा केला. दरवर्षी करतात. गवत भरलेला माणूस खुर्चीत बसवून दारोदार फिरवतात, पैसे मागतात, आणि बारा वाजता जाळतात. दुपारी आमच्या दाराशी आणला तेव्हा त्याच्या डोक्यावर इनासची टोपी होती आणि गळ्यात शिट्टी. इनास सोप्यावर आला, बघितलं, आणि खिशातून पाच रुपये काढून दिले. मी खाली बघितलं. म्हाताऱ्याच्या अंगात नऊ नंबरचा शर्ट होता. जुना, घामाने पिवळा पडलेला.

"हा कुणी दिला?" मी ओरडले.

"कायतान अंकलने. म्हणाले, नाहीतरी मास्तरने मला जाळलाच आहे."

मी तो शर्ट ओढायला लागले. पोरं बिचकली. इनासने मला धरून आत नेलं. बारा वाजता फटाके वाजले तेव्हा मी दार-खिडक्या लावून, उशीत तोंड खुपसून पडले होते. चर्चला जाणारी बाई मी, पण त्या रात्री मला शकुन-अपशकुन सगळं खरं वाटत होतं.

मग एक वेगळीच गोष्ट झाली, आणि तिची मला जास्त भीती वाटली. जानेवारीत आम्ही एक सामना दोन-एक असा हरलो. गोल बोस्त्यांवने केला होता. इनास गुणगुणत घरी आला. "रेझिन, आज पोरं एकमेकांकडे बघून खेळली! बॉल कुठे जाणार ते त्यांना आधीच कळत होतं. तीन वर्षं दे मला यांच्याबरोबर, मग बघ."

मी ताटात भात वाढत होते. "आणि कायतान?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की कायतान कोण हे त्याला क्षणभर आठवावं लागलं. मी पळी तशीच भांड्यात टाकली. हा माणूस शपथ घेऊन एक सोंग काढायला निघाला होता आणि आता त्या सोंगातच रमला होता. शिल्पकार! मला त्याचा त्या दिवशी इतका राग आला की मी त्याला आमटी वाढलीच नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी शिंपल्या वेचायला गेले होते. लांबून कुणीतरी पाण्याच्या कडेने पळत येताना दिसलं. जवळ आल्यावर ओळखलं. कायतान. मला बघून थांबला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला. श्वास असा वाजत होता जसा फाटका भाता.

"वेडा झालास का?"

"आठ दिवस पळतोय. मेलो का?" त्याने कपाळावरचा घाम पुसला. "डॉक्टरला काय कळतं गो? त्याने म्हटलं होतं पळाल तर पडाल. पळालो. उभा आहे."

"रात्री बसून झोपतोस."

"तुला लुर्दीनने सांगितलं? मच्छर चावतात म्हणून." मग हसणं सोडून म्हणाला, "रेझिन, शेवटचा सामना मी खेळणार आहे. पापांनी घरं गोळा केलीत. बरोबरी केली तरी आपण पहिल्या गटात राहतो. पोरं करतील का बरोबरी? तूच सांग."

"आणि तिथे पडलास तर?"

"तर नऊ नंबरमध्ये पडेन."

तो हे सहज म्हणाला. लोक सांगतात ना, भाकरी नको, भात चालेल, तसं.

क्लबने ठरवलं की शेवटच्या सामन्याला नंबर घरांकडे परत जातील. मास्तरला हवं तर बाकावर बसावं. इनास मला म्हणाला, "मी सांगतो सगळ्यांना. मोडतो शपथ."

"कोण ऐकेल तुझं? म्हणतील, हरला म्हणून आता मेहुण्याला आजारी पाडतोय."

"मग तू सांग."

"मी त्याच्या जिवावर घेतलीय," मी म्हणाले. "मी सांगितलं आणि त्याला काही झालं तर?"

"नाही सांगितलंस तर होणारच आहे."

इकडे आड, तिकडे विहीर. कायतानने दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवली होती, आणि ती गाठ माझ्या हाताने.

त्या रविवारी सगळी झरीभाटी मैदानात होती. इतकी माणसं फेस्तालाही नसतात. मला आठवतं, वारा अजिबात नव्हता, माडांची झावळी हलत नव्हती, आणि लोक ओरडत नव्हते. घरांची रीत अशी की पहिल्यांदा किंवा खूप दिवसांनी शर्ट घालायचा असला तर घरातल्या मोठ्याने तो खेळणाऱ्याच्या डोक्यातून घालायचा. अकरा घरांचे म्हातारे मधल्या रेषेवर रांगेने उभे होते, हातात इस्त्री केलेले शर्ट. समोर त्यांची माणसं, उघड्या अंगाने. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस पांढरे. बोस्त्यांव आणि पोरं बाकावर माना खाली घालून बसली होती.

एक नंबर झाला, दोन झाला. आमचे पापा वाट बघत होते. कायतानच्या छातीवर कातडीखाली काहीतरी धडधडत होतं. मला ते कुंपणापासून दिसत होतं, की दिसतंय असं वाटत होतं कोण जाणे. चेहऱ्यावर तर असं तेज होतं की जणू नवरदेव.

पापांनी शर्ट त्याच्या डोक्यावर धरला. आणि मी चालू लागले. बायका त्या मैदानात कधी पाऊल टाकत नाहीत. मागून कुणीतरी माझी ओढणी धरली, ती त्यांच्याच हातात राहिली.

"पापा, घालू नका त्याला."

"बाजूला हो गो."

"पापा, त्याच्या छातीत..."

"रेझिन!" शर्ट डोक्यात अडकलेला, आतून कायतान ओरडला. "माझा जीव आहे!"

"त्याची झडप बंद होत चाललीय," मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने की मलाच माझा आवाज ओळखेना. "पळाला तर पडेल. मडगावच्या डॉक्टरने सांगितलंय, मुंबईच्यानेही सांगितलंय. बोटीवर त्याला घेतलाच नाही. म्हणून इनासने काढला त्याला."

मिंगेल तीव पहिला हसला. "मास्तरणीने नवी गोष्ट काढली रे! आता हरायच्या आधीच कारण!" मग बरेच हसले. कुणीतरी शीळ घातली. कायतानने शर्टातून डोकं बाहेर काढलं आणि तोही हसायला लागला. "बघा माझी बहीण," तो म्हणाला, "नवऱ्यासाठी भावाला मारते."

तेवढ्यात गर्दीतून लुर्दीनचा आवाज आला. मोठा नव्हता. "म्हणून तो बसून झोपतो?"

तिने कुणाला विचारलं नव्हतं, स्वतःशीच म्हणाली होती. पण हसणं थांबलं. सगळ्या गावाने कायतानकडे बघितलं, आणि कायतानने, हा इतका तोंडाळ माणूस, त्याने काही म्हटलंच नाही.

पापांनी त्याला प्रश्न विचारला नाही. दोराने घट्टे पडलेला हात त्यांनी कायतानच्या छातीवर ठेवला, शर्टाच्या आतून. बराच वेळ ठेवला. कायतान दुसरीकडे बघत होता. शेवटी पापांनी हात काढला, शर्ट त्याच्या मानेतून वर ओढून घेतला आणि तो हातातून गवतावर पडला. टाकला नाही, पडला. मग ते वळले आणि चालत मैदानाबाहेर गेले. त्यांच्या वाटेतून माणसं बाजूला झाली.

रेफ्रीने शिट्टी वाजवली. इनासने शर्ट उचलला, झटकला आणि बोस्त्यांवला दिला. त्या वेळी त्याने तसं करायला नको होतं असं मला आजही वाटतं, पण करायला दुसरं कुणी नव्हतं. बाकीचे दहा घरांचेच जुने खेळाडू खेळले. मध्यंतरापर्यंत त्यांची जीभ बाहेर आली होती. आम्ही तीन-शून्य हरलो आणि खालच्या गटात गेलो. घरी जाताना कुणी इनासला शिवीसुद्धा दिली नाही.

दुसऱ्या सकाळी रापणीचा पुढचा दोर मिंगेल तीवच्या हातात होता. पापांनी स्वतः नेऊन दिला. मागायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी कायतान आमच्याकडे आला. बस म्हटलं तर बसला नाही. इनासकडे त्याने बघितलंच नाही.

"मेलो असतो," तो मला म्हणाला, "तर नऊ नंबरचा कायतान मेला असता. गावाने खांद्यावर नेला असता. आता हा कोण उरला? लोक मला बघून खुर्ची पुढे करतात, रेझिन. काल रात्री पापांनी मला पाण्याचा तांब्या भरून दिला. त्यांनी मला!"

"जिवंत आहेस," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला आणि गेला. हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

पुढच्या हंगामात इनासने पोरांनाच घेतलं, आणि एका घराने तोंड उघडलं नाही. पापा सभेला येत नव्हते, आणि त्यांच्याशिवाय नंबरांसाठी भांडायचं बळ कुणात उरलं नव्हतं. लोक म्हणतात संघ बांधायला हिंमत लागते. आमचा बांधला गेला, कारण गावाला स्वतःचीच लाज वाटत होती. तिसऱ्या वर्षी पोरं वरच्या गटात परत आली. सहाव्या वर्षी पहिली आली. बोस्त्यांवला वास्कोवाल्यांनी नेलं, आणि तीन नंबर आता एका बिहाऱ्याच्या मुलाचा आहे, फार छान खेळतो. क्लबच्या पन्नाशीला भाषणं झाली. पाहुण्याने इनासला विचारलं, एवढी दूरदृष्टी तुम्हाला सुचली कशी? इनास बुटांकडे बघत म्हणाला, "संघ म्हातारा झाला होता." टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या.

पापा त्या हंगामानंतर दोनच पावसाळे काढून गेले. कायतानला लुर्दीनने वेल्लोरला नेलं, छाती उघडून झडप बदलून आणली. तिने ते एकटीने केलं, आणि ती माझ्याशी बोलते. मासळी आणते, नातवंडांचं सांगते. त्याचं नाव निघालं की विषय बदलते.

दर रविवारी चर्चमध्ये मिसेला मी त्याच्या मागच्याच बाकावर बसते. एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की मी हात पुढे करते. तो वळतो, माझ्या डाव्या हाताच्या माणसाशी हात मिळवतो, उजव्या हाताच्या बाईशी मिळवतो आणि पुन्हा समोर ओल्ताराकडे, वेदीकडे, तोंड करतो. सत्तरी कधीच ओलांडली त्याने. मी हात मागे घेते. इनासला आता चालवत नाही, तो घरीच असतो. मी परतले की दारातूनच विचारतो, आणि मी चपला काढता काढता सांगते, "हो. आजही आला होता."